जमिनीवरचा दवाखाना

बोईसरला माझा पहिला गाळा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला चिकटून होता. दोघांच्या मध्ये काच. तिकडे मोबाईल उघडून ठेवलेला असायचा आणि गिऱ्हाइकाला तो मिटेपर्यंत दुसरा उद्योग नसायचा, म्हणून ते इकडे बघत उभं राहायचं. इकडे एक मिशाळ, पोट सुटलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस एका हाताने शर्टाची बटणं लावतोय, काढतोय, पुन्हा लावतोय. समोर खुर्चीवर बसलेला दुसरा माणूस त्याच्याकडे दयेने बघतोय. बरेच दिवस तिकडच्या मंडळींची समजूत होती की पेशंट मीच आहे.

माझा धंदा सांगायला लागलं की ऐकणारा दोन मिनिटांत दमतो. ऑक्युपेशनल थेरपी. कुणाच्या अंगावरून वारं गेलं, कुणाचा हात मशीनमध्ये सापडला, तर डॉक्टर जीव वाचवतात, फिजिओथेरपीवाले उभं करून चालवतात, आणि मग आमची पाळी येते. आंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, कामधंदा. सकाळी डोळे उघडल्यापासून माणूस जे जे करतो ते त्याला पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं, एवढं आम्ही बघतो. माझे वडील सोलापूरकडच्या आमच्या गावात शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे, "मुलगा मुंबईला मोठ्या दवाखान्यात आहे. लोकांना कपडे घालतो." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी कधी दुरुस्ती केली नाही.

मुंबईच्या त्या सरकारी रुग्णालयात मी अठरा वर्षं काढली. बायको तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला, घर बोईसरला, आणि मी शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे जाणारा पाहुणा. एका शनिवारी मी जेवताना जाहीर केलं की मी आता स्वतःची प्रॅक्टिस काढणार. बायको म्हणाली, "काढा की. अठरा वर्षं लोकांना भांडी घासायला शिकवताय. एकदा घरी पण प्रात्यक्षिक होऊ द्या."

आमच्या विभागप्रमुख मॅडम कडक बाई, पण मनाने मोठ्या. त्यांनी मला वर्षाची बिनपगारी रजा मिळवून दिली आणि म्हणाल्या, "वर्षभर तुमची जागा धरून ठेवते. श्रावणात मला एका शब्दात उत्तर पाहिजे. येताय की नाही."

म्हणजे माझ्याकडे एक वर्ष होतं. तेवढ्यात गाळा चालला पाहिजे, नाहीतर पुन्हा शनिवारचा पाहुणा.

गाळा मी फार हौसेने मांडला. रुग्णालयात सामान मागायचं तर तीन सह्या लागायच्या. इथे मीच मागणारा, मीच सही करणारा. भिंतीला लागून कमरेइतका स्वयंपाकाचा ओटा बांधून घेतला. त्यावर शेगडी, नळ, कप्पे. एक हात दुबळा असलेल्या माणसाला भाजी चिरता यावी म्हणून खास पाट असतो, त्याला वर खिळे असतात. त्या खिळ्यांत बटाटा रुतवायचा म्हणजे तो हलत नाही, आणि एका हाताने सुरी चालवायची. तो पाट मी बाहेरून मागवला. हात बळकट करायला रंगीत चिकणमाती आणली, लाकडी खुंट्या आणल्या, उंच पाठीच्या खुर्च्या आणल्या. सगळं मांडून झाल्यावर दार उघडून बसलो. दार बराच काळ उघडंच राहिलं.

कुंभवलीच्या कारखान्यातून एक कामगार यायचा, प्रेसखाली दोन बोटं चेंगरलेली. चार वेळा आला. पाचव्या वेळी दारातूनच बोटं हलवून दाखवली. "डॉक्टरसाब, हिल रही हैं. बस. अब ड्यूटी." मी त्याला समजावत होतो की हलणं वेगळं आणि पकडणं वेगळं, तोपर्यंत तो रिक्षात बसलाही होता. पाळी सोडून माझ्याकडे यायला कुणाला परवडत नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला आठ महिने गेले.

पालघरला एक जुने फॅमिली डॉक्टर आहेत. आसपासच्या गावांत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्याकडे मी माझी माहिती घेऊन तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "हे बघा, तुमचं शास्त्र चांगलं असेल. पण उद्या माझा पेशंट मलाच विचारणार, कुठे पाठवलंत म्हणून. मी एक बाई पाठवतो. तिचं काय होतं ते बघतो, मग बाकीचे."

माझी अख्खी प्रॅक्टिस एका बाईवर येऊन बसली. ती बाई आली बर्फाच्या टेम्पोत.

पालघरजवळच्या माहीम गावची, मासळी विकणारी मावशी. वय साठीच्या आतबाहेर, उजव्या अंगावरून थंडीत वारं गेलेलं. मुलगा आठवड्यातून दोनदा टेम्पो घेऊन बोईसरच्या बाजारात यायचा, त्याच्या शेजारच्या सीटवर ती, मध्ये सून. टेम्पोतून ती अशी उतरली की जणू गाळा विकत घ्यायला आली आहे. काठी टेकत आत आली, ओटा बघितला, खिळ्यांचा पाट बघितला, मला बघितलं.

"तू कुठचा?"

"सोलापूरकडचा, मावशी."

"घाटावरचा." एवढंच म्हणाली आणि बसली. निकाल लागल्यासारखं वाटलं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, काय करता यायला हवं तुम्हाला? या प्रश्नाला लोक "बरं व्हायचंय" असं उत्तर देतात. मावशीने तसं दिलं नाही. "पालघरच्या बाजारात माझी जागा हाय. तिथे बसायचं हाय." मग सुनेने सांगितलं की आता जागेवर शेजारणीने मावशीची टोपली पालथी घालून ठेवली आहे. टोपली पालथी असली की तिथे कुणी बसत नाही, तसा रिवाज. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, ताजी मासळी आली आणि तरीही बाई आली नाही, तर टोपली घरी पाठवतात. त्यात वाईटपणा नाही; जागा दुसरीला जाते.

मी मनातल्या मनात दिवस मोजले. मॅडमची मुदत आणि मावशीची पौर्णिमा एकाच आठवड्यात.

कामाला लागलो. आणि सांगतो, मी माझं काम फार सुंदर करतो. पहिल्या आठवड्यात लुगड्याचा विषय निघाला. सून तिला लुगडं नेसवायची आणि मावशीला ते खुपायचं. मी म्हटलं, एका हाताने नेसता येतं, दाखवतो. "तू दाखवणार," ती म्हणाली, प्रश्न म्हणून नव्हे. मी पॅन्टवरून चादर घेतली, एक टोक दातात धरलं, कमरेला गाठ कशी मारायची, काष्टा मागे नेऊन कसा खोचायचा, सगळं डाव्या हाताने करून दाखवलं. रात्री घरी आरशासमोर दोन तास सराव केला होता. काचेपलीकडे पाच माणसं जमली. मावशी शेवटपर्यंत गंभीर चेहऱ्याने बघत होती. मग सुनेला म्हणाली, "काष्टा मुलखाचा ढिला हाय. पण मिशीला शोभतो." त्यानंतर ती माझ्यावर खूश झाली.

दोन महिने ती आली. ओट्याशी उभं राहून चहा केला. खिळ्यांच्या पाटावर बटाटे चिरले, वांगी चिरली, दुधी चिरला. घरी करायचे व्यायाम मी कागदावर चौकटी आखून दिले होते. माती किती वेळा दाबायची, खुंट्या किती वेळा लावायच्या. केलं की चौकटीत खूण. कागद परत यायचा तेव्हा एकही चौकट रिकामी नसायची. इतका आज्ञाधारक पेशंट मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. जूनच्या मध्यावर मी माझ्या सगळ्या चाचण्या घेतल्या, त्यात ती पास झाली. मी पालघरच्या डॉक्टरांना दोन पानी सुवाच्य अहवाल पाठवला. मावशीने जाताना सुकटाची पिशवी हातात दिली. मी शाकाहारी. मोबाईलवाल्याच्या घरी तीन दिवस चटणी झाली.

पुढे दोन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन. आवाज नेहमीसारखाच शांत.

"तुमचा अहवाल वाचला. फार छान लिहिलाय. काल मी माहीमला गेलो होतो. तुमची पेशंट खाटेवर बसून असते. सून भरवते."

"कसं शक्य आहे? ती चहा करत होती माझ्याकडे."

"तुमच्याकडे करत असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माहीमला गेलो. दोन्ही बाजूंना वाड्या, केळी, नारळ, पानांचे मांडव. घर समुद्राच्या बाजूला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे होडी वर ओढून ठेवलेली, तिच्या काही जुन्या फळ्या काढून अंगणात रचलेल्या. मावशी पडवीत खाटेवर. मला बघून तिला आनंद झाला, लाज वाटली, आणि मग तिने दोन्ही लपवलं. "आला घाटावरचा. बस."

मी सुनेला म्हटलं, यांना स्वयंपाकघरात नेऊ या. मी दारात उभा राहिलो आणि माझी मान खाली गेली. लाजेने असं नव्हे. तिथे बघायचं सगळं खालीच होतं. चूल खाली, पाट खाली, पाण्याचा हंडा खाली, मसाल्याचा डबा खाली. आणि भिंतीला टेकवून ठेवलेली विळी. कमरेइतक्या उंचीवर तिथे फक्त देवाचा फोटो होता.

दोन महिने मी एका बाईला जे काम जन्मात उभं राहून केलं नाही ते उभं राहून करायला शिकवलं होतं. तिला खाली बसता येत नव्हतं आणि बसली तर उठता येत नव्हतं. हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं, कारण माझ्याकडे उंच पाठीच्या खुर्च्या होत्या.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू इतका हौसेने ओटा बांधलेलास. तुझं मन कशाला मोडू."

आता राहिल्या चौकटी. मी सुनेला विचारलं, माती कुठे आहे. तिने डब्यातून काढून माझ्या हातात दिली. लोण्यासारखी मऊ झाली होती, म्हणजे वापरलेली होती खास. मी म्हटलं, रोज कोण दाबायचं ही?

"मी," सून म्हणाली, अगदी सरळ. "तुमी लिवलेलं सगलं केलं. एक दिवस नाय चुकवला."

"अहो, ते आईंनी करायचं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आजारी माणसाला कामाला लावायचं आन आपण बघत बसायचं? लोक काय म्हणतील? घरात सून हाय ना करायला."

तिच्या दृष्टीने हा औषधोपचारातला कष्टाचा भाग होता आणि कष्टाचा भाग सुनेचा. मी तिचा हात हातात घेऊन पकड बघितली. माझी बोटं कळवळली. माझे व्यायाम उत्तम होते, फक्त ते चुकीच्या उजव्या हाताला लागू पडले होते. मावशी खाटेवरून म्हणाली, "आता ही हंडा एका बोटावर उचलते." आणि मग आम्ही तिघंही हसलो, सून सर्वांत उशिरा.

हसून झाल्यावर मी विळी जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसलो. पातं जागेवर पक्कं, फळीला जोडलेलं. ते हलत नाही. हलतो तो मासा, आणि तो धरतात दोन्ही हातांनी; एक हात कमजोर असेल तर दुसरा सांभाळून घेतो. मी जो खिळ्यांचा पाट बाहेरून मागवला होता त्याच्यापेक्षा हे हत्यार माझ्या पेशंटसाठी कितीतरी चांगलं होतं, आणि ते या भागात प्रत्येक घरात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. अडचण एकच, त्याच्यापर्यंत खाली पोचायचं कसं.

मी म्हटलं, आधी मी दाखवतो. फतकल मारून विळीच्या फळीवर बसलो, एक गुडघा वर घेतला, डौलदार. उठायला गेलो तेव्हा उठता येईना. गेली कित्येक वर्षं मी खुर्चीवरून खुर्चीवर जगलो होतो. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. सुनेने त्या लोखंडी हाताने मला दंडाला धरून उभं केलं.

मावशीच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं ते तेज आलं. "तुना पन वारं गेलं काय रे?"

"नाही मावशी. ही नुसती चरबी."

"मग ये उद्या. आपण दोगं शिकू."

मी रोज दुपारी जायला लागलो. गाळ्याचं दार आता बंद असायचं, पण उघडं असताना तरी कोण येत होतं. अंगणातल्या होडीच्या फळ्या आम्ही पडवीत आणून एकावर एक रचल्या, खुर्चीएवढ्या उंच. त्या ढिगावर मावशीने बसायचं आणि उठायचं. दहा वेळा जमलं की एक फळी काढायची. एक ढीग तिचा, शेजारी एक माझा, कारण तिने अट घातली होती की मी जेवढा खाली जाईन तेवढीच ती जाईल. सुनेला काम दिलं हात मागे बांधून बसायचं. ते तिला सगळ्यांत अवघड गेलं. मावशी धडपडली की ती अर्धी उठायची आणि मी ओरडायचो, "बसा." तिने आयुष्यात सासूसमोर इतका वेळ रिकामे हात ठेवले नव्हते. चार दिवसांनी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्याची खूण पन चौकटीत करायची ना?" मी तिच्यासाठी वेगळ्या चौकटी आखून दिल्या.

हातासाठी मासळी. ताजी मिळत नव्हती, म्हणून सुक्या बोंबलांपासून सुरुवात. डोकं मोडायचं, शेपूट मोडायचं. मग विळीवर तुकडे. मग बोईट, हा खाडीतला मासा, जो निदान हातात राहतो. मासा कसा धरतात हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हा तो धडा तिने घेतला. माझा बोईट दोनदा अंगणात गेला. "वांग्यावर शिकलेला," ती सुनेला म्हणाली. "वांगं काय पलतं?" मला ते पटलं. दोन महिने मी तिला न पळणाऱ्या वस्तूंवर तयार केलं होतं.

फळ्या कमी होत गेल्या. शेवटची फळी मात्र हलेना. तिच्यावरून मावशी उठायची, ती काढली की नाही. पौर्णिमा आली, गावाने समुद्राला नारळ दिला, होड्या सुटल्या. पडवीत आमचे दोन ढीग एकेका फळीचे. मी घरी बायकोला म्हटलं, रजा संपतेय, बहुतेक सोमवारी मुंबईला हजर व्हावं लागणार. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "बाजारात ती बसते कशावर?"

मी विचार केला. बाजारात बायका फळीवरच बसतात. उघड्या जमिनीवर ओल्यात कोण बसेल?

दुसऱ्या दिवशी ती फळी आम्ही टेम्पोत टाकली. पालघरच्या बाजारात शेजारणीने टोपली उलटी होती ती सरळ केली, जराही गाजावाजा न करता, आणि फळीला जागा करून दिली. मावशी माझा हात न धरता खाली गेली. थोडा वेळ लागला. एक गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला ती म्हणाली, "दम धर, मासा मेलेलाच हाय." बोंबील दोन्ही हातांनी धरला. उजव्या हातातून निसटत होता, डाव्याने सांभाळला. तुकडे जरा लहानमोठे झाले. गिऱ्हाईक म्हणालं, वाकडे कापलेस. ती म्हणाली, "शिजल्यावर सरल होतात."

अर्ध्या तासाने ती एकदा उठली, कंबर सरळ केली, पुन्हा बसली. कुणाच्या मदतीशिवाय. मी पलीकडे भाजीवाल्याच्या पोत्याला टेकून उभा होतो. माझे गुडघे तिच्याबरोबर खाली गेले आणि वर आले.

मग ती शेजारणीला म्हणाली, "हाच तो. दाखव त्याला अंगठा."

शेजारणीचा अंगठा कोलंबी सोलून सोलून आखडला होता. तिच्यामागे आणखी एक बाई मनगट चोळत उभी राहिली. मी फळीच्या कडेला टेकलो आणि खवले लागलेला तो अंगठा हातात घेतला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. मॅडम.

"सोमवारी येताय?"

"नाही मॅडम, येत नाही."

"मागे गोंगाट कसला?"

"मासळी बाजार. एका बाईंचा अंगठा बघतोय."

"म्हणजे ओपीडी बाजारात काढलीत."

"सध्या तरी हो."

मॅडम म्हणाल्या, "बरं. तुमच्या कपाटाची किल्ली कुरिअर करा. नवीन माणसाला लागेल."

मी फोन खिशात ठेवला. मावशी पापलेट पुसत होती. "कोण होती?"

"माझ्या जुन्या साहेब."

"बोलावते?"

"बोलावत होत्या. नाही म्हटलं."

तिने मान हलवली, पापलेट मांडलं, शेजारचं सरळ केलं. "मग बघ तिचा अंगठा नीट. तिला घरी जायचं हाय."